पहाटे लागणारा टायरचा दिवा, तापणारा प्लग आणि 'इंजिन नाही तर सर्व्हिसिंग कशाला?'

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. जुळे सोलापुरात घर, छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही, सोबत स्टेपनी नाही. थंडी पडल्यापासून पहाटे पुण्याला निघालात की टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो आणि सावळेश्वरचा टोल नाका मागे पडेपर्यंत आपोआप जातो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले नायट्रोजन भरा. पंपावरचा पोरगा म्हणाला, "मालक, आपल्याकडं ऊन लई, तीसच ठेवा, नाहीतर फुटंल टायर." मेव्हण्यांच्या मते सेन्सर गंडलाय. त्यातच घरी चार्जिंगचा प्लग हात लावला तर चटका बसावा इतका तापतो. आणि शेवटी, इंजिनच नाही तर सर्व्हिसिंगला पैसे कशाचे घेतात.

माझं होटगी रोडला वर्कशॉप आहे. सुरुवात टायर आणि अलाइनमेंटपासून झाली, मग बाकीची कामं आली, आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. गाडी समोर नसताना छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून सेन्सर ठणठणीत असावा. दिवा खरं बोलतोय. गडबड आहे ती हवा किती भरली यापेक्षा कधी भरली यात.

तुम्ही लिहिलंय की हवा दर वेळी ऑफिसातून येताना पंपावर भरता आणि तो ३३ वर सेट करून देतो. आता हिशोब बघा. डिसेंबरात आपल्याकडं दुपारी तीस-एकतीस डिग्री असतं. गाडी उन्हात उभी होती, त्यात डांबरावरून पाच-सात किलोमीटर आली. टायरच्या आतली हवा सहज पन्नास डिग्रीच्या आसपास असते. त्या गरम हवेचे ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) म्हणजे खरे ३३ नव्हेत. तापमान सहा डिग्रीनं उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. पहाटे पाच वाजता पारा पंधरावर असतो, म्हणजे पस्तीस डिग्रीचा फरक. ३३ चे झाले २७-२८. तुमच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३५ लिहिलंय असं तुम्हीच सांगितलंत. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या आकड्याच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हवा कमी झाली की दिवा लागतो. ३५ चा पाचवा हिस्सा सात. ३५ वजा ७ म्हणजे २८. बरोबर त्या उंबरठ्यावर तुमची गाडी रोज पहाटे उभी असते.

मग वीस-पंचवीस किलोमीटर पळाल्यावर रबर आणि हवा तापते, आकडा ३१-३२ वर जातो, दिवा विझतो. म्हणून 'आपोआप बरं झालं' असं वाटतं. हवा काही परत आलेली नसते. तुम्ही पुण्यापर्यंत कमी हवेवरच जाता, फक्त दिवा गप्प बसलेला असतो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, हे पहिलं ध्यानात घ्या. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, ऊन न लागलेली, जास्तीत जास्त एक-दोन किलोमीटर चाललेली. सोलापुरात ही अट पंपावर दुपारी कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे स्वतःचा गेज, म्हणजे हवा मोजायचं यंत्र, घ्या. साधा पेनसारखा असो की डिजिटल, पण एकच ठेवा आणि तोच वापरा. पंपावरच्या मशिनचा पाइप दिवसभर धुळीत लोळतो, त्याच्या आकड्यात आणि शेजारच्या पंपाच्या आकड्यात दोन-तीनचा फरक मी नेहमी बघतो. सोबत बारा व्होल्टवर चालणारा छोटा इन्फ्लेटर (हवा भरायचा पंप) घ्या. तुमच्याकडं स्टेपनी नाही म्हणजे गाडीच्या किटमध्ये बहुतेक तो आलेलाच असेल, डिकीचा तळ उचलून बघा. रविवारी सकाळी चहाच्या आधी पार्किंगमध्येच चारही चाकं ३५ करा. पंपावर जायची गरजच नाही.

कधी नाइलाजानं गरम टायरमध्येच भरावी लागली तर स्टिकरच्या आकड्यावर तीन-चार जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून जास्तीची सोडा. उलटं मात्र कधी करू नका. म्हणजे रस्त्यात थांबून मोजलं, ३९ दिसले, घाबरून हवा सोडली. तो वाढलेला आकडा गाडी बनवणाऱ्यानं धरलेलाच असतो. सोडलेली हवा रात्री गार झाल्यावर महागात पडते.

आता उन्हाळ्यात कमी हवा ठेवायची की नाही. ही समजूत आपल्याकडं इतकी घट्ट आहे की माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक मार्च लागला की "जरा कमी करा" म्हणतात. हेतू चांगला आहे, पण टायर फुटतो त्याचं कारण वेगळंच. टायर रस्त्याला टेकतो तिथं चपटा होतो, वर गेला की परत गोल होतो, प्रत्येक फेऱ्यात एकदा. तुम्ही लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर ती जागा तापते ना, तसंच टायरची बाजूची भिंत तापते. हवा कमी असेल तर वाकणं जास्त, वाकणं जास्त तर उष्णता जास्त. मे महिन्यात हैदराबाद हायवेवर दुपारी चव्वेचाळीस डिग्रीत, ताशी शंभरनं, चार माणसं आणि सामान घेऊन हेच तासभर चाललं की आतले थर सुटायला लागतात. मग तो फुटतो. जास्तीच्या चार पीएसआयनं चांगला टायर फुटत नाही. कमी हवा, जास्त वजन, जास्त वेग आणि म्हातारं रबर, ही चौकडी जमली की फुटतो. तेव्हा उन्हाळ्यातही ३५ म्हणजे ३५, सकाळी मोजलेले. त्या पोरानं सांगितलेले तीस डोक्यातून काढा.

स्टिकर नीट वाचा, त्यावर बहुधा दोन रकाने आहेत. एक दोन-तीन माणसांचा, दुसरा भरलेल्या गाडीचा, त्यात मागच्या चाकांचा आकडा जास्त असतो. घरची पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन तुळजापूर, गाणगापूर करणार असाल तर दुसरा रकाना लागू. टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असा आकडा कोरलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो भरायचा आकडा नव्हे. गाडीच्या स्टिकरवरचाच धरा. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे तिच्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा चांगलीच जड असते, म्हणून मित्राच्या पेट्रोल गाडीचे ३२ बघून आपलेही ३२ करू नका.

नायट्रोजनबद्दल. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. गरम-थंड झाल्यावर आकडा वर-खाली व्हायचा तो होतोच, त्यामुळे तुमचा पहाटेचा दिवा नायट्रोजननं जाणार नाही. टायर नवे घेताना फुकट भरून देत असतील तर घ्या. पण 'आत नायट्रोजन आहे, साधी हवा मिसळायची नाही' म्हणून लोक कमी हवेवर गाडी चालवत राहतात, ते मात्र चूक. साधी हवा बिनधास्त मिसळा.

वरचं सगळं लागू होतं ते चारही चाकांतली हवा सारखी कमी होत असेल तर. तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि खरी गोम तिथंच आहे. चारही टायर सारखे उतरले तर ती थंडी. एकच टायर उतरत असेल तर ती गळती, आणि थंडीनं ती फक्त उघडी पाडली. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतो, ते धरून चाला. त्यापेक्षा जास्त गेलं तर शोधावं लागेल.

गळती घरीच कशी बघायची ते सांगतो. ज्या चाकावर शंका आहे ते ३८ पर्यंत भरा. वॉल्व्हचं टोपण काढा आणि बोटाला थुंकी लावून वॉल्व्हच्या तोंडावर एक पातळ पडदा धरा. फुगा फुगला तर आतली पिन गळतेय. पाच मिनिटांचं काम, पिन बदलायची. फुगा नाही आला तर मगभर पाण्यात भांड्याचा साबण फेसाळून वॉल्व्हच्या बुडाशी, मग रिम आणि रबर जिथं भेटतात त्या कडेनं गोल ओता. बारीक फेसाची रेघ एका जागी वाढत राहिली की गळती तिथं. खड्ड्यात आपटून अलॉयची कड किंचित वाकलेली असते, किंवा तिथं मळ बसलेला असतो. शेवटी टायरच्या नक्षीवर ओता, गाडी थोडी थोडी पुढं घेत. ऊस हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, माझ्याकडं अशी हळू गळणारी चाकं जास्त येतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून निखळलेले नट, तारेचे तुकडे रस्त्यावर पडलेले असतात. गावाकडच्या कच्च्या रस्त्यानं गेला असाल तर बाभळीचा काटा हमखास. काटा मोडून आत राहतो, बाहेरून दिसत नाही, आणि दोन दिवसात चार-पाच पीएसआय नेतो.

खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका. तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरा आणि बेतानं पंक्चरवाल्यापर्यंत जा. पंक्चरवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, वॉल्व्हच्या मागं सेन्सर असेल तर टायर रिमवरून उतरवताना तिथं उचकटायची लोखंडी पट्टी घालू नको. दोन, बाहेरून स्ट्रिप (भोकात खुपसायची रबरी वात) टाकण्याऐवजी शक्य असेल तर आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच) कर. स्ट्रिप वाईट नाही, गावातल्या गावात चालते, पण हायवेवर जाणाऱ्या गाडीला मी मशरूमच करतो, कारण टायर उघडल्यावर आतली बाजू बघायला मिळते. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आत काळी रबराची भुकटी पडलेली असते. ती दिसली की तो टायर पंक्चर काढून वापरायचा नाही. बाजूच्या भिंतीत भोक असेल तर दुरुस्तीचा प्रश्नच नाही, बदलायचा.

स्टेपनीचं म्हणाल तर गाडी कंपनीनं लबाडी केलेली नाही. २०२० मध्ये केंद्रीय नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर स्टेपनी नसली तरी चालते. पण किटमधल्या सीलंटच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती बघा. आपल्या उन्हात डिकीत तापून तापून ते खराब व्हायला वेळ लागत नाही. आणि सीलंट फक्त नक्षीतल्या बारीक भोकाला, फाटलेल्या टायरला नाही. वापरलंत तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो टायर उघडतो आणि चिकट पाणी त्याच्या अंगावर. माझे रात्री उशिरा फिरणारे काही ग्राहक त्याच मापाचं एक चाक घेऊन डिकीत ठेवतात. जागा जाते खरी. महिन्यातून दोनदा रात्री मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यातून जात असाल तर मीही तेच करेन.

दिव्याबद्दल शेवटचं. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर ती हवेची तक्रार नाही, यंत्रणेची आहे. सेन्सरची बॅटरी संपणं वगैरे, पण ते पाच ते दहा वर्षांनी, तुमची गाडी अजून नवी आहे. तुमचा दिवा स्थिर लागतो, म्हणजे मेव्हण्यांचा तर्क इथं बसत नाही. काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) माहितीवरून कुठलं चाक जास्त फेरे घेतंय ते ताडतात. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत नसेल तर तुमचीही तशी असू शकते. अशा गाडीत हवा बरोबर भरल्यावर मेनूतून रिसेट करावं लागतं. कमी हवेवर रिसेट केलंत तर ती कमी हवाच बरोबर धरून बसेल आणि पुढं गप्प राहील. दिवा घालवायला म्हणून रिसेट दाबणारे बरेच आहेत.

आता प्लग. टायरपेक्षा हे मला जास्त काळजीचं वाटतं, आणि यात थांबू नका. आज रात्रीपासून त्या सॉकेटवर चार्जिंग बंद करा, वायरमन येईपर्यंत बाहेर कुठं तरी करा.

पंधरा अँपियरचा प्लग गिझरला चालतो म्हणून गाडीला चालेल असं नसतं. गिझर वीस मिनिटं चालतो. गाडी साधारण तीन किलोवॅटचा भार सलग आठ-दहा तास ओढते. सॉकेटच्या मागं वायर स्क्रूखाली थोडी सैल असेल तर तेवढ्या जागी उष्णता साठत जाते. प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं. सॉकेट उघडल्यावर वायरचं टोक तपकिरी झालेलं आणि इन्सुलेशन आखडलेलं दिसतं. वायरमनला सांगायचं ते असं: मीटरपासून वेगळी लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. लाइन लांब असेल तर वायर आणखी जाड लागेल, ते तो मोजून सांगेल.

अर्थिंग वेगळं तपासून घ्या. आपल्याकडं मुरूम आणि खडक, उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक होते, जुनी अर्थिंग फेब्रुवारीनंतर नावापुरती उरते. मग चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. त्यावर काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन जोडून चार्जरला फसवतात. असं कुणी सुचवलं तर त्याला घरात पाऊलही टाकू देऊ नका. न्यूट्रल कुठं तुटला तर गाडीच्या अंगातच करंट येतो. नवीन अर्थिंग करून घ्या, खर्च एकदाच. दीड टनाचा एसी, गिझर आणि गाडी रात्री एकत्र चालणार असेल तर महावितरणचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

उन्हाळ्यात दुपारी तापून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नका. रात्री दहानंतर लावा, पहाटेपर्यंत होते. शंभर टक्के करायची की ऐंशीवर थांबवायची, हे बॅटरीच्या प्रकारावर आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर कंपन्या बहुधा अधूनमधून पूर्ण शंभर करा म्हणतात, दुसऱ्या प्रकारात रोज ऐंशी बरं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, यूट्यूबवर नको.

सर्व्हिसिंग लागतं, पण कमी. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, इंजिनचे फिल्टर गेले. राहिलं ते: ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, बॅटरीच्या कूलंटची पातळी (त्यात बोअरचं पाणी कधीही टाकू देऊ नका, आपलं पाणी फार जड आहे, आत थर बसतो), बारा व्होल्टची छोटी बॅटरी, सस्पेंशन. केबिन फिल्टर आपल्या धुळीत पुस्तिकेच्या आधीच भरतो, दोन स्क्रू काढून स्वतः झटकून बघता येतो. ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, पण ब्रेक कमी वापरल्यानं पावसाळ्यात त्यांचे लोखंडी भाग गंजतात, म्हणून उघडून साफ करून घ्यायचे. टायर मात्र इलेक्ट्रिकला लवकर झिजतात, वजनानं आणि झटकन वेग घेण्यामुळे. दर दहा हजार किलोमीटरला रोटेशन (चाकांची अदलाबदल) आणि अलाइनमेंट सोडू नका. बिलावर यापलीकडचं काही 'ट्रीटमेंट' दिसलं तर काय आणि का, ते विचारा.

सध्या एवढं करा. उद्या सकाळी गाडी न हलवता चारही चाकं मोजा, ३५ करा, आणि पुढचे आठ दिवस एक दिवसाआड त्याच वेळी मोजून लिहून ठेवा. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, असं वेगवेगळं. ते आकडे आणि उघडलेल्या सॉकेटच्या मागच्या बाजूचा फोटो इथं टाका (फोटो वायरमनलाच काढायला सांगा, मेन स्विच बंद करून). आकडे बघून गळती आहे की नाही ते लगेच सांगता येईल.